उसना उजेड

टॉवरमधल्या माणसांचा विषय निघाला की रफूवालीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आता त्या माणसांत तिची पोटची मुलगीही होती, म्हणून आठ्या कमी झाल्या असं मात्र नाही.

जुन्या बाजारात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक शटर, त्यामागे एकानं पाय पसरले तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढी खोली, आणि रस्त्याच्या अंगाला एक रुंद खिडकी. नवरा होता तोवर दोघं त्या खिडकीशी समोरासमोर बसत. तो गेल्यावर तिनं त्याच्या जागी दोऱ्यांचे डबे मांडले आणि काम चालू ठेवलं. विडीनं जळलेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड तिच्याकडे यायचं, आणि परत जाताना कुठे फाटलं होतं ते मालकाला बोटानं चाचपूनही सापडायचं नाही. सुई जितकी सावकाश चालायची तितकीच तिची जीभ सुसाट. पण कामात खोट नव्हती, त्यामुळे लोक जीभ सोसायचे.

तिची खरी गिऱ्हाइकं म्हणजे वकील. काळ्या कोटाचं रफू सगळ्यात अवघड. काळा म्हणजे काळा, असं ज्याला वाटतं त्यानं या धंद्यात पडू नये. एक काळा तांबड्याकडे झुकतो, एक हिरव्याकडे, एक निळ्याकडे. नवा कोट असेल तर त्याच्याच शिवणीच्या दुमडीतला धागा काढून भरता येतो. पण वकिलाचा कोट उन्हात, घामात, धुण्यात वर्षानुवर्षं उतरलेला असतो आणि दुमडीतला धागा मात्र कोराच राहिलेला. तो भरला तर रफू लांबूनच ओळखू येतं. मग डब्यातले काळे दोरे काढायचे, एकेक कापडावर टेकवायचा, मान तिरकी करून बघायचं, आणि जो दोरा दिसेनासा होईल तो उचलायचा. त्याला डोळे लागतात आणि आभाळातून येणारा उजेड लागतो. विजेचा दिवा चालत नाही. दिव्याखाली सगळेच दोरे गोड बोलतात.

समोर पूर्वी एक बसकी इमारत होती. तिच्यात खाली छत्र्या दुरुस्त करणारा, शेजारी पुस्तकं बांधणारा आणि वर टायपिंग शिकवणारी एक बाई. ती इमारत पाडली. मग नुसता खड्डा. तो इतके दिवस राहिला की लोक पत्ता सांगताना ‘खड्ड्याच्या समोर’ म्हणायला लागले. मग खड्ड्यातून खांब निघाले आणि खांबांचा सांगाडा वर वर चढत गेला. तो चढत गेला तसा रफूवालीच्या खिडकीतला उजेड आटत गेला. ती आपली बैठक पुढे पुढे सरकवत शेवटी उंबऱ्याला टेकली.

‘ताई, अजून एक मजला चढला तर तुम्ही माझ्या मांडीवर याल,’ शेजारचा किल्लीवाला म्हणायचा.

‘त्यापेक्षा गटारात बसेन.’

मग सांगाड्यावर काच बसली. खालपासून वरपर्यंत निळसर हिरवी, आरशासारखी. आणि काय नवल, गल्ली उजळली. आभाळाचा उजेड त्या काचेवर आपटून थेट रफूवालीच्या खिडकीत पडायला लागला. कितीतरी दिवसांनी ती पुन्हा आत सरकून आपल्या जुन्या जागी बसली. कोटाच्या बाहीवर हात फिरवत म्हणाली, ‘एवढं एक बरं केलं मेल्यांनी.’

किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. ‘तुमच्या तोंडून त्यांचं चांगलं? घसा दुखला नाही ना?’

पुढे माणसं राहायला आली. फ्लॅट विकताना जाहिरातीत लिहिलं होतं म्हणे, ‘जुन्या बाजाराच्या धडधडत्या हृदयात तुमचं घर’. राहायला आल्यावर मात्र त्या धडधडीनं त्यांची झोप मोडायला लागली. त्यांनी किल्लीवाल्याच्या मशीनच्या आवाजाची तक्रार केली. फळवाल्यांच्या हातगाड्या हलवायला लावल्या. टेकायला एक जुना दगडी बाक होता, त्यावर नको ती माणसं बसतात म्हणून तोही उचलायला लावला. बाजार बघून घर घेतलं आणि घर घेतल्यावर बाजार नकोसा झाला, असा हा प्रकार. रफूवालीला त्यांच्या चेहऱ्यांचाही राग यायचा. समोरून जाताना ही माणसं दुकानात डोकवायची, ‘किती गोड आहे ना’ म्हणायची आणि पुढे जायची. कामाला कधी कपडा टाकायची नाहीत. फाटलं की फेकून देणारी जात.

टॉवरच्या तळाशी कपड्यांचं एक दुकान निघालं. त्याच्या काचेत गुडघ्यावर फाडलेल्या पँटी टांगलेल्या असत. एक दिवस टॉवरमधला एक तरुण तसलीच पँट घेऊन आला.

‘मावशी, ही एका पायावर छान फाटलीय. दुसऱ्यावर तशीच करून द्याल? कात्रीनं कापल्यासारखी नको. आपोआप फाटल्यासारखी.’

‘फाडून देऊ?’

‘हो, पण नीट.’

‘ही पँट आईला दाखवलीस का?’

‘तिनंच घेऊन दिली.’

रफूवालीनं पँट त्याच्या छातीवर फेकली आणि भर दुपारी अर्धं शटर ओढून घेतलं.

अशात एक दिवस मुलगी म्हणाली, ‘आई, आम्ही समोर राहायला येतोय. भाड्यानं. यांचं ऑफिस जवळ पडतं, आणि तूही जवळ.’

‘जवळ? रस्त्यावरून बघितलं तर तुझं घर दिसायच्या आधी माझी मान मोडेल.’

‘मग वर ये.’

‘मी नाही येणार. आणि पोरीला त्या काचेच्या कठड्याच्या गॅलरीत सोडू नकोस सांगून ठेवते. आत्ताच पाय फुटलेत तिला.’

‘ती काच हत्तीनं धडक दिली तरी फुटत नाही.’

‘हत्तीला काय पडलंय तिथे चढायचं!’

मुलगी हसली नाही. ‘तुला माझं काहीही चांगलं झालेलं बघवत नाही,’ एवढं म्हणाली आणि राहायला आली. रफूवाली वर गेली नाही. नातीला घेऊन मुलगीच अधूनमधून खाली यायची, दुकानाच्या पायरीवर बसायची, आणि दोघींचं काहीतरी बिनसल्याशिवाय ती भेट संपायची नाही. मुलगी एकदा म्हणालीही, ‘आमच्या टॉवरमुळे तुझं दुकान उजळलं, ते नाही बोलत कधी.’ रफूवालीनं सुई तोंडात धरली. खोटं तिला बोलता येईना आणि खरं बोलायचं नव्हतं.

थोरल्या वकिलांचा कोट याच दिवसांत आला. थोरले वकील म्हणजे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याच शब्दावर बाररूममधले बाकीचे कोट तिच्याकडे येत. कोपरावर खिळ्यानं चांगलाच ओरखडा काढला होता. तिनं दोरा निवडला, उभे धागे भरले, त्यांतून आडवे धागे एक खाली एक वर असे काढले, आणि काम संपल्यावर तिला स्वतःलाच जागा सापडेना. खुशीत तिनं कोट किल्लीवाल्यासमोर धरला. ‘शोधा.’ त्यालाही सापडली नाही.

दोन दिवसांनी थोरले वकील गल्लीत शिरले ते कोट काखेत मारून. मागे त्यांचे दोन ज्युनिअर, तोंडं पाडून.

‘बाई, हे काय केलंत?’

‘काय झालं?’

‘काय झालं! मी उलटतपासणीला उभा राहिलो, खिडकीतून ऊन आलं, आणि या कोपरावर रुपयाएवढा गंजाचा डाग! समोरचा वकील विचारतो, साहेब, कुठल्या पत्र्याला टेकला होतात? अख्खं कोर्ट हसलं. साक्षीदारसुद्धा!’

तिनं कोट हातात घेतला, खिडकीत धरला. ‘कुठाय डाग? काळंभोर तर आहे.’

थोरले वकील आवाज उतरवून बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं. ‘म्हणजे दिसतही नाही तुम्हाला. डोळे गेलेत बाई तुमचे. सांगायचं ना तसं, आम्ही समजून घेतलं असतं. हे उसवा. पुन्हा नीट झालं तर ठीक. नाहीतर आमच्या बाररूममधून एक चिंधीसुद्धा यायची नाही.’

ते गेले. टाकलेले चार कोट ज्युनिअर तसेच बिनरफूचे उचलून घेऊन गेले. किल्लीवाला बराच वेळ एकच किल्ली घासत बसला.

वकील गेले म्हणजे दुकान गेलं, हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती. शाली आणि पडदे यांच्यावर कुणाचं शटर उघडं राहत नाही. त्यापेक्षाही वाईट म्हणजे डोळ्यांचा संशय. सुईवाल्या बाईचे डोळे गेले ही बातमी एकदा बाजारात फिरली की ती परत घेता येत नाही.

मुलगी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, रंगांची पुस्तकं दाखवली. ‘वयाच्या मानानं उत्तम. मोतीबिंदू नाही, काही नाही.’

‘मग चुकलं कसं?’ रफूवालीनं विचारलं.

‘ते मी कसं सांगू?’

मुलगी औषधाच्या खिडकीशी उभी होती. रफूवाली बाहेर बसच्या थांब्यावर आली. पिशवीत कोट होता. उसवायचा होता, पण हात होत नव्हता. तिनं तो बाहेर काढला आणि तिच्या तोंडातून ‘अगं बाई!’ निघालं. कोपरावर तांबूस गोल. थोरले वकील म्हणाले तस्सा, गंजासारखा. आंधळ्यालाही दिसावा.

घरी परतताना तिनं कोट पिशवीत घातलाच नाही. कोट हातात, नजर कोपरावर. बस बाजाराशी थांबली, दोघी उतरल्या, गल्लीकडे वळल्या. टॉवरच्या काचेचा उजेड सुरू झाला आणि तिच्या डोळ्यांदेखत तो तांबूस गोल कापडात विरून गेला. ती थबकली. मागे आली, गोल उगवला. पुढे गेली, मावळला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

‘आई, काय चाललंय? लोक बघतायत.’

‘तुझा टॉवर चोर आहे.’

‘काय?’

‘त्याच्या काचेतून येतो तो उजेड नाही, गाळ आहे. त्यातला तांबडा ती काच गिळून टाकते. तिथे बसून मला तांबडा दिसणार कसा? मी मूर्ख, वर त्यांचे उपकार मानत बसले!’

एवढ्या वर्षांच्या वैरात टॉवरकडून तिनं एकच गोष्ट मनापासून घेतली होती, आणि नेमकी तीच खोटी निघाली. फसवणुकीपेक्षा तिला स्वतःच्या त्या खुशीची चीड आली. तिनं दुकान उघडलं नाही. कोपरावरचं रफू उसवलं आणि कोट मांडीवर घेऊन बंद शटरमागे अंधारात बसली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ‘आई, आमच्या गॅलरीत समोर काहीच नाही. नुसतं आभाळ. तिथे बसून दोरा बघ ना.’

रफूवालीनं फोन ठेवला, तासभर धुसफुसली, आणि मग दोऱ्यांचा डबा नि कोट गाठोड्यात बांधून रस्ता ओलांडला. कोटासाठी गिळायला लागणारं सगळं गिळायचं असं तिनं ठरवलं होतं. पहिला घास दारातच आला.

‘कुणाकडे?’ दारवानानं विचारलं.

‘मुलीकडे.’

‘सामान आहे. मागच्या लिफ्टनं जा.’

‘सामान नाही, कोट आहे.’

‘अंगात असला तर कोट, मावशी. गाठोड्यात असला तर सामान. मला वरून सांगितलंय.’

गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. नवऱ्यानं शिकवलेला. तिनं गाठोडं सोडलं, थोरल्या वकिलांचा कोट अंगात चढवला, डबा काखेत मारला आणि पुढच्या लिफ्टकडे चालू पडली. कोट गुडघ्यापर्यंत आला होता. कोपरावर भोक. दारवान तोंडावर हात ठेवून हसला, पण त्यानं अडवलं नाही.

मुलीनं दार उघडलं. ‘आई! हे काय घातलंस?’

‘तुमच्या दारवानानं सांगितलं.’

नात गॅलरीच्या काचेला नाक लावून उभी होती, खाली मुंग्यांएवढा बाजार. रफूवाली धावत गेली. तिनं पोरीला ओढून आत घेतलं, तशी पोर भोकाड पसरून रडायला लागली. मुलीनं तिला कडेवर घेतलं. मग रफूवाली गॅलरीत गेली, कोट उतरवला आणि पसरला.

उजेड स्वच्छ होता. पूर्वी खिडकीत यायचा तोच. कोटाचा काळा तिथे खरा काळा दिसत होता, किंचित हिरवट, थकलेला. तिचाच उजेड तिच्या खिडकीतून काढून इथे वर आणून ठेवला होता, आणि वर तो बघायला तिला कोट घालून यावं लागलं होतं. तिनं डबा उघडला. एक दोरा टेकवला. नाही. दुसरा टेकवला.

‘आई,’ मुलगी आतून म्हणाली, ‘शेजारच्या बाई गॅलरीत आल्या तर काम करतेय म्हणू नकोस हं. इथे घरातून धंदा चालत नाही, नियम आहे. विचारलं तर म्हण, नातीला सांभाळायला आलेय.’

रफूवालीचा हात थांबला. ‘म्हणजे लपून करायचं?’

‘लपून कशाला? नुसतं बोलायचं नाही.’

‘हो ना, चोरी कशाला म्हणायचं? नुसतं सांगायचं नाही. आईच्या धंद्याची लाज वाटते असं सरळ म्हण की.’

मुलीनं पोरीला खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. ‘लाज? आम्ही इथे राहायला आल्यापासून तू एकदा तरी आलीस? पोरीला ताप आला होता तेव्हा खालून फोनवर औषधं सांगितलीस. रस्ता ओलांडला नाहीस. आज आलीस. कुणासाठी आलीस? दोऱ्यासाठी. वकिलाच्या कोटासाठी आलीस तू. माझ्यासाठी नाही.’

ते खरं होतं. रफूवालीनं दोरे डब्यात कोंबले, कोट खांद्यावर टाकला आणि निघाली. खाली जाताना मागच्या लिफ्टनं गेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

दुकानात शिरावंसं वाटेना. ती तशीच चालत राहिली. हातात कोट, डोळे कोपराच्या भोकाकडे. गल्लीत हिरवट. कोर्टाच्या मागे हिरवट. बँकेसमोर आता आणखी एक टॉवर उभा राहिला होता, तिथे निळसर. सगळ्या बाजाराला कुणीतरी बाटलीत भरून ठेवलं होतं. मोठ्या चौकात मात्र रस्ते चारी बाजूंना फाकतात. त्याच्या मधोमध दिव्याचा खांब आणि खांबाभोवती सिमेंटचा गोल कट्टा आहे. तिथे वर आभाळ मोकळं होतं. ती गाड्यांमधून वाट काढत कट्ट्यावर जाऊन उभी राहिली.

हॉर्न वाजले. ‘ए म्हातारे, मरायचंय का?’ कुणी ओरडलं. ‘तू मर, मला काम आहे,’ म्हणून तिनं डबा कट्ट्यावर उघडला. बसेस जात होत्या, धूर डोळ्यांत जात होता. तिनं दोरे एकेक करून कापडावर टेकवले, मान तिरकी केली, आणि बऱ्याच वेळानं एक दोरा टेकवताच दिसेनासा झाला. तो तिनं दातांत धरला आणि तशीच रस्ता ओलांडून परत आली. किल्लीवाल्यानं काहीतरी विचारलं, तिनं तोंड उघडलं नाही.

कोट रफू होऊन गेला. थोरल्या वकिलांनी तो कोर्टाच्या आवारात भर उन्हात धरला, उलटासुलटा केला, अंगात चढवला आणि चालू लागले. तोंडातून अक्षर नाही. चांगलं झालं म्हणायलाही त्यांची जीभ झिजली असती. पण दुसऱ्या सकाळी ज्युनिअर ते चार कोट परत घेऊन आला. पायरीवर ठेवताना नजर चुकवत म्हणाला, ‘साहेब म्हणाले, उन्हात बघून घ्या.’

तेव्हापासून सकाळी गर्दीच्या वेळी रफूवाली चौकात उभी असते. तीच वेळ का, तर तेव्हाच उजेड खरा असतो. टॉवरची माणसं वरून फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. वाहतूक पोलिसानं दोनदा हाकललं. दोनदा ती कट्ट्याला फेरी मारून परत आली.

एक दिवस फोन वाजला. ‘आई, तिथून हल. मला इथून दिसतंय. तो टेम्पो तुला घासून गेला.’

‘मग वरून बघू नकोस.’

‘अगं, जीव जाईल तुझा!’

‘तुझ्याकडे बसून खोटं बोलण्यापेक्षा बरं.’ तिनं फोन बंद केला आणि पुढचा दोरा टेकवला.

थोड्या वेळानं शेजारून कुणीतरी दणादणा पावलं टाकत आलं. मुलगी. घरातल्या सपाता, केस विस्कटलेले, धाप लागलेली. तिनं आईकडे बघितलं नाही. गाड्यांकडे तोंड करून कट्ट्याच्या कडेला उभी राहिली.

‘पोरगी कुठाय?’ रफूवालीनं विचारलं.

‘शेजारच्या बाईंकडे.’

‘काय सांगितलंस त्यांना?’

‘आईच्या कामाला चाललेय म्हणून सांगितलं. झालं समाधान? बघ तो दोरा लवकर.’

एका गाडीनं करकचून ब्रेक दाबला. चालकानं काच खाली केली आणि दोघींना एक इरसाल शिवी हासडली. मुलगी तिथल्या तिथे वळली आणि तिनं त्याला जे काही सुनावलं ते या बाजारातच शिकलेलं होतं. टॉवरमध्ये तसलं कुणी बोलत नाही. गाडीवाल्यानं मुकाट्यानं काच वर केली.

रफूवालीनं मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. दोरा कापडावर टेकवला. नाही, हा तांबूस.

‘झालं का?’ मुलगी ओरडली.

‘नाही झालं. थांबायचं नसेल तर जा वर.’

मुलगी गेली नाही. हात आडवा करून पुढची गाडी अडवून उभी राहिली, आणि रफूवालीनं डब्यातून दुसरा दोरा काढला.